डावीकडे कोणी नाही

आबांच्या शेजारच्या अलकाताई जिन्यात थांबून म्हणाल्या होत्या, "रेणुका, तुझ्या वडलांच्या शर्टाकडे एकदा नीट बघ गं. दर वेळी चुना डाव्याच खांद्याला लागलेला असतो." तेव्हा रेणुकाच्या एका हातात लेकीचं, मेधाचं दप्तर होतं, दुसऱ्यात पाण्याची बाटली, काखेत हेल्मेट, आणि खाली रस्त्यात आडवी लावलेली स्कूटर बघून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि हसून म्हटलं, "अहो ताई, जिनाच केवढासा आहे. मलाही लागतो चुना." "पण उजव्या खांद्याला का नाही लागत?" "उजवीकडे कठडा आहे ना." "चढताना कठडा," अलकाताई म्हणाल्या, "उतरताना तिकडेच भिंत येते." हे खरं होतं, पण हॉर्न वाजत होता. "बघते हं," असं म्हणून ती खाली उतरली. अलकाताई एकट्या राहतात, त्यांना माणसांच्या शर्टांकडे बघायला वेळ असतो, असा एक किरकोळ विचार तिच्या मनात आला आणि अंबरपेठेतल्या गर्दीत कुठेतरी पडूनही गेला.

तसं पाहिलं तर काळजी करण्यात रेणुका कोणाला हार जाणारी नव्हती. मेधाला द्राक्षं द्यायची तर ती उभी चिरून, खिडकीपाशी स्टूल ठेवायचं नाही, बादलीत पाणी भरून ठेवायचं नाही. मेधा झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरून बघायची सवय ती बालवाडीत जायला लागली तरी सुटली नव्हती. तिचा नवरा अमरदीप चेष्टेनं म्हणायचा, "तू घरात सीसीटीव्ही आहेस, लाइट गेली तरी चालणारा." पण सीसीटीव्हीचं तोंड एकाच दिशेला असतं. सगळी काळजी मेधाची होती. आबा त्या चित्रात नव्हते, कारण आबा कॅमेऱ्याच्या मागे होते, बघणाऱ्यांच्या बाजूला. तारनाक्याहून सकाळी निघायचं, अंबरपेठेत आबांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे असलेल्या बालवाडीत मेधाला सोडायचं, तसंच पुढे आबिड्सला ऑफिस गाठायचं, हे सगळं जमत होतं ते दुपारी आबा मेधाला आणायला जायचे म्हणून. आई गेल्यापासून आबांच्या दिवसाला तेवढाच एक कणा उरला होता. त्याच्यासाठी ते दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. मग संध्याकाळी रेणुका आली की दोघं पंख्याखाली काहीतरी भांडत बसलेले असायचे, आणि तिला दिवसभरात पहिल्यांदा पोटभर श्वास घेता यायचा.

त्या संध्याकाळी भारताची फुटबॉल मॅच होती. रेणुकानं अमरदीपला फोन करून सांगितलं, मॅच बघून येते, आणि आबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसली. तिथेच ती लहानपणापासून बसायची. बाकीच्या मुलींना वडलांनी पाढे शिकवले, तिला आबांनी चार-दोन-तीन-एक शिकवलं. चार मागं, मधे दोन, त्यांच्यापुढं तीन आणि एक पार टोकाला. आकडा मागून सुरू करायचा, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं, कारण टीम मागून उभी राहते, भिंतीसारखी. राष्ट्रीय टीम कशी मांडली आहे यावर बापलेकीचं जितकं बोलणं झालं असेल तितकं तिच्या लग्नावरही झालं नव्हतं. "एक जमाना होता, अर्धी टीम आपल्या हैद्राबादची असायची," हे वाक्य आबा दर मॅचला म्हणायचे, जणू त्या अर्ध्यात तेही होते. ते नव्हते. पूर्णा जंक्शनवरून रेल्वेत लागलेले, मालाच्या ऑफिसात क्लार्क, आणि सिकंदराबादच्या रेल्वे टीमचे खेळाडू, एवढंच. पण खेळायचे ते सगळ्यांच्या मागे, गोलकीपरच्या फक्त पुढे, जिथून सगळं मैदान दिसतं तिथे.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात आबा कुरकुरायला लागले. "मागं बघ, मागं. एक माणूस नाही मागं. कोच झोपला का काय?"

"आबा, आता असंच खेळतात. दोन्हीकडचे बॅक वर चढतात. मागं दोघंच राहतात, तेही पार हाफलाइनपाशी येऊन."

"दोघं? कुठायत दोघं? मला एक दिसंना."

"म्हणजे काय, तेवढी जोखीम घ्यायचीच असते. बॉल गेला तर पळत यायचं."

"पळत यायचं! कायकू? आधीच तिथं उभं राहिलं तर पळावंच लागत नाही. आम्ही कवा पळालो का?"

ती हसली. हे भांडण जुनं होतं, ऊबदार होतं. टीम नवीन पद्धतीनं खेळते आणि म्हाताऱ्याला ते खपत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. मधल्या सुट्टीत तिनं चहा टाकला. मेधा सोफ्याच्या उशा जमिनीवर मांडून त्यांवरून उड्या मारत होती. दुसरा हाफ सुरू झाला, टीमच्या बाजू बदलल्या. पहिल्या हाफमध्ये टीव्हीच्या डाव्या अंगाला असलेला भारताचा गोल आता उजव्या अंगाला आला. आबांनी चहाचा घोट घेतला आणि समाधानानं मान हलवली. "आता बघ. आता कसे शिस्तीत मागं बसलेत. कोचनं झापलं असणार आत. पण पुढं? पुढचा काढून घेतला का? एकपण माणूस नाही पुढं."

"आबा, तो खाली उतरतो मधे. मुद्दाम. आजकाल पुढच्या माणसाला..." असं बोलत असताना तिचं लक्ष पडद्याकडे गेलं आणि वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. पुढचा माणूस खाली उतरलेला नव्हता. तो पडद्याच्या डाव्या बाजूला, भर उजेडात, एक हात वर करून बॉल मागत उभा होता. निळा शर्ट, हिरवं गवत, त्याच्याभोवती कोणी नाही. तिनं आबांकडे पाहिलं. आबा त्याच पडद्याकडे बघत होते, डोळे मोठे करून, मनापासून. बाजू बदलल्या होत्या, पण भोक तिथल्या तिथेच राहिलं होतं. आधी ते मागं होतं, आता पुढं होतं. टीव्हीवर मात्र त्याची जागा एकच होती, डावी. चढताना कठडा, उतरताना तिकडेच भिंत.

नेमका तेव्हाच गोल झाला, भारतानं मारला. समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी शिट्टी मारली, मेधानं उशांवरून आबांच्या अंगावर उडी घेतली, आणि आबा तिला पोटाशी धरून हसत विचारायला लागले, "झाला का? कुणी मारला? कुठून आला तो?" रेणुकाला ओरडता आलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. मग एका पेल्यात पाणी घेऊन ती दुसऱ्या दारानं बाहेर आली आणि आबांच्या डाव्या हाताशी, खुर्चीला जवळजवळ चिकटून उभी राहिली. पेला पुढे केला. आबा टीव्हीत बघत राहिले. त्यांच्या कानाजवळचे पांढरे केस पंख्यानं हलत होते, ते तिला दिसत होते. ती इतक्या जवळ होती की तिला त्यांच्या साबणाचा वास येत होता. आणि तरी ती तिथे नव्हती. असं आजवर कधी झालं नव्हतं. जत्रेत, स्टेशनात, परीक्षेच्या हॉलबाहेरच्या पालकांच्या गर्दीत, आबांनी तिला सगळ्यात आधी शोधलेलं होतं. आता ती हातभर अंतरावर उभी होती आणि त्यांच्या नजरेला तिची जागाच ठाऊक नव्हती.

"मम्मी कुठं गेली गं?" त्यांनी मेधाला विचारलं.

मेधानं मान वर न करता, उशीचा अभ्रा ओढत, अगदी सवयीनं म्हटलं, "आबा, इटु चूडु."

आबांनी मान वळवली आणि दचकले. "अगं! कवा आलीस तू? भुतासारखी."

इटु चूडु. तेलुगूत, इकडे बघ. घरी परतताना स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या मेधाच्या डोक्यावर हनुवटी टेकवून रेणुकानं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "इटु चूडु कोणी शिकवलं गं तुला?"

"आमच्या शाळेतल्या अक्कानं. फोटो काढताना म्हणते."

"मग आबांना का म्हणतेस?"

"आबा विसरतात ना तिकडे बघायला."

"रस्ता ओलांडताना आबा तुझा कुठला हात धरतात?"

मेधानं हँडलवरचा एक हात उचलून दाखवला, मग गोंधळून दुसरा उचलला. "आधी हा धरायचे. पण मग हात धरलेला असला तरी म्हणायचे, मेधा कुठाय, मेधा कुठाय? मला इतकं हसू यायचं! मग मी त्या बाजूला गेले. आता नाही विचारत."

"आणि गाड्या?"

"इकडच्या आबा बघतात. तिकडच्या मी बघते. गाडी आली की मी हात दाबते, मग आबा थांबतात. आम्ही टीम आहोत," मेधा म्हणाली.

तारनाक्याच्या फ्लायओव्हरच्या अलीकडे रेणुकानं स्कूटर कडेला घेतली. इंजिन बंद केलं, मेधाला उतरवलं आणि फुटपाथच्या कडेवर बसून तिला मांडीत घेतलं. मेधाला वाटलं आईसक्रीम मिळणार. बसचा धूर, भेळवाल्याच्या गाडीवरचा पिवळा दिवा, कुठल्याशा मशिदीतली अजान, आणि मांडीत हे घामेजलेलं, बडबडणारं, जिवंत वजन. अंबरपेठेचा तो रस्ता तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत होता, ऑटो, टँकर, उलट्या बाजूनं घुसणाऱ्या बाइका, आणि मधोमध इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आणि त्याच्या कमरेइतकंही नसलेलं एक मूल, आणि त्या दोघांमधली शहाणी नजर त्या मुलाची. रेणुका इतके दिवस द्राक्षं चिरत बसली होती. पण गंमत अशी की तिला भीतीबरोबर आणखी काहीतरी वाटत होतं आणि त्याला काय म्हणावं ते तिला कळत नव्हतं. कोणी न सांगता या मुलीनं रिकामी जागा ओळखली होती आणि जाऊन तिथे उभी राहिली होती. हे शिकवून येत नाही, असं आबा म्हणायचे. पोरं बॉलमागं पळतात, म्हणायचे, एखादंच पोर भोकाकडं पळतं.

घरी अमरदीपनं सगळं ऐकून घेतलं, पोळी ताटात तशीच ठेवून. "उद्यापासून बंद," तो म्हणाला. "म्हणजे, दुसरं काय करणार?" मग तिचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "मी सांगू का आबांना? मी जावई, माझ्यावर चिडले तरी चालेल."

"नको. मीच सांगते."

पण काय सांगणार होती? आबा, तुम्हाला दिसत नाही? आबांना, ज्यांचं सगळं आयुष्य बघण्यावर उभं होतं? ते खेळायचे त्या जागेला सगळं जग स्वीपर म्हणायचं, आणि तो शब्द त्यांच्या घरात चालत नव्हता. त्यालाही कारण रेणुकाच. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत असताना शेजारच्या ब्लॉकमधल्या एका बाईंनी तिला बोलावून सरबत दिलं आणि विचारलं, बाळ, तुझे वडील काय करतात? तिनं छाती काढून सांगितलं, माझे आबा रेल्वेत स्वीपर आहेत. 'टीममध्ये' हा शब्द पुढे होता, पण बाईंनी तोवर ऐकणं थांबवलं होतं. सरबत संपल्यावर तो पेला आत गेला नाही, बाहेरच्या नळापाशी ठेवला गेला, हे लहान रेणुकानं पाहिलं आणि घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं नवल म्हणून. तिची आई, भागूबाई, भाकरी थापता थापता थांबली. "त्या कामाला मी हलकं म्हणणार नाही," ती आबांना म्हणाली, "माझ्या मामानं हयातभर केलं ते. पण जे कपाळावर चिकटवलेलं होतं ते सोडवायला आलो ना आपण इथवर? मग परत खेळातनं ते घरात कशाला आणताव?" आबांनी समजावून बघितलं की इंग्लंडात, इटलीत, सगळीकडे हेच म्हणतात, मोठा मानाचा शब्द आहे. "तिथं असंल. इथं आपण राहताव." तेव्हापासून घरात त्या जागेला 'मागचा' म्हणायचं ठरलं. आबा मागचा खेळायचे. रविवारी भागूबाई रेणुकाला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहायची आणि आबांचा आवाज सगळ्या मैदानावर घुमायचा, शर्मा, उजवीकडं! रेड्डी, तुझ्या मागं, मागं! तिला तेव्हा वाटायचं, जगात कोणाच्याही मागं काही आलं तर आबांना ते दिसणारच. त्या भरवशावर ती मोठी झाली, शिकली, आणि स्वतःची मुलगी डोळे झाकून त्यांच्या हातात दिली. आता विचार केला तर 'डोळे झाकून' हा शब्द तिचा तिलाच लागत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा काढली, बालवाडीतून मेधाला स्वतः आणलं आणि अलकाताईंकडे सोडलं. अलकाताई "मी म्हटलं होतं" असं म्हणाल्या नाहीत, नुसतं मेधाच्या हातावर चिक्की ठेवली. आबांना तिनं सांगितलं की ऑफिसच्या योजनेत वडलांची तपासणी फुकट होते. ते सरळ खोटं होतं, आणि आबांना ते कळलं असावं, कारण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे चांगले आहेत म्हणून पुढे पाठवलं, पुढच्यांनी डोक्याचा फोटो काढला. ते डॉक्टर तरुण होते, तिच्याच वयाचे, तेलुगू वळणाचं हिंदी बोलणारे. कधीतरी झोपेत मेंदूला छोटासा झटका येऊन गेला असेल, ते म्हणाले, हातपाय शाबूत राहिले म्हणून कोणाला कळलं नाही. आता गोळ्या चालू करू म्हणजे पुन्हा येण्याचा धोका कमी होईल. पण डावीकडची गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही.

"तिकडे काळं दिसतं का, अंकल?"

आबांनी मान हलवली. "काळं नाही. काळं दिसलं असतं तर मी बोललो नसतो का? तिथं काही नसतंच. आता तुमच्या पाठीमागं काय दिसतंय तुम्हाला? तसं."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर. डोळ्यांचं काहीच बिघडलेलं नाही. डोळे फक्त आत पाठवतात. बघण्याचं खरं काम मेंदूचा अगदी मागचा भाग करतो, इथे," आणि त्यांनी स्वतःच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागे हात ठेवला.

"म्हंजे मागचाच गेला," आबा मराठीत म्हणाले, रेणुकाकडे वळून. आणि हसले. तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिला ओढणी तोंडाशी धरून बाहेर पाण्याच्या मशीनपाशी जावं लागलं.

परतताना ऑटोत आबा उजव्या कडेला बसले होते. तिनं मुद्दाम त्यांच्या डावीकडची जागा घेतली होती, म्हणजे बोलताना त्यांना पूर्ण मान वळवावी लागत होती, आणि ते वळवत नव्हते. काचीगुड्याच्या सिग्नलला ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी आधी चष्माच पुसत बसायचो. मग वाटलं, वय झालं, ध्यान राहीना. पोरीचा हात मात्र मी कवाच सोडला नाही, रेणू."

"माहीत आहे आबा."

"कवाच नाही."

"ती सांगते ना. घट्ट धरता म्हणते, दुखतो म्हणते."

"ती बघत होती का? गाड्या?"

रेणुकाला खोटं बोलायचं होतं. सकाळपासून ती त्याचीच तयारी करत होती. पण शेजारी बसलेल्या माणसाचा अर्धा चेहरा इतका सावध, इतका थकलेला होता की तिला जमलं नाही. "हो," ती म्हणाली. "तुमच्या डावीकडच्या."

ऑटोवाल्यानं मागे वळून विचारलं, "अंबरपेठमें किदर, अम्मा?" तिनं सांगितलं. मग आबा म्हणाले, "मला बदली कर."

"काय?"

"बदली. बाहेर बसव मला. तुला सांगता येईना म्हणून डॉक्टर करत बसलीस दिवसभर, मला कळत नाही का? पोरीला तारनाक्यातच घाल कुठंतरी. मी काय, टीव्ही बघीन." आवाज इतका सरळ होता की तो किती दाबून धरला आहे ते ऐकू येत होतं. खेळताना ते एकदा दुखावले होते, घोट्याला, तेव्हाही असेच उभे राहून म्हणाले होते, काही नाही, दुसरा पाठवा. आणि त्या रात्री आईनं हळद लावताना पाय इतका सुजलेला निघाला होता की रेणुका घाबरून रडली होती. तिला एकदम राग आला, त्यांचा, स्वतःचा, त्या छोट्याशा झटक्याचा जो चोरासारखा आला आणि नेमकी अर्धी बाजू घेऊन गेला.

"तुम्हीच म्हणायचात," ती म्हणाली, "माणूस लंगडला म्हणून लगेच काढणारा कोच कच्चा."

"लंगडा वेगळा. आंधळा ठेवत नाहीत मागं."

"आंधळे नाही आहात तुम्ही. अर्धं मैदान दिसतं तुम्हाला. मग त्या बाजूला कोणीतरी उभं करायचं. फॉर्मेशन बदलायचं, आबा. भारताची टीम दर मॅचला बदलते, आपण एकदा बदलू."

त्यांनी शेवटी मान वळवली, पूर्ण, खांद्यासकट, आणि तिच्याकडे बघितलं. "तुला लई अक्कल आली," ते म्हणाले.

संध्याकाळी अलकाताईंच्या घरी बैठक झाली. रस्ता कोणी ओलांडायचा हा प्रश्न होता, आणि अलकाताईंनी तो आपणहून उचलला, कारण दुपारी त्यांना दुधाच्या पिशव्या आणायला पलीकडे जावंच लागतं. आबा म्हणाले, मग त्या लेफ्ट बॅक.

"म्हणजे मी करायचं काय असतं, उत्तमराव?" अलकाताईंनी आबांना विचारलं.

"डावीकडनं काही आलं की ओरडायचं."

"एवढंच? ते तर मी ह्यांच्यावर तीस वर्षं केलं," अलकाताई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे हात केला. आबा ठसका लागेपर्यंत हसले. ठरलं ते असं की मेधाला अलकाताई आणणार, आबा फाटकाच्या आत, आपल्या बाजूला उभे राहणार, आणि मेधा आत आली की पुढचं सगळं त्यांचं, जेवण, झोप, गोष्टी, भांडण. म्हणजे ते मागेच राहणार होते, सगळ्यांच्या मागे, आपल्या जागी. मेधाला हे पसंत पडलं नाही. तिचं काम काढून घेतलं होतं. ती सोफ्याच्या कोपऱ्यात फुगून बसली. "मग मी कोण? मी तिकडच्या गाड्या बघायचे," तिनं विचारलं. रेणुका काही बोलणार तेवढ्यात आबांनी तिला जवळ ओढलं, नेहमीच्या उजव्या बाजूला, आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ते काय होतं ते दोघांनीही नंतर कोणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर मेधा पुन्हा त्यांच्यासाठी गाड्या बघायला गेली नाही. ती नुसती मुलगी झाली. रस्त्यात आपल्या आईचा हात ओढणारी, फुगेवाल्यापाशी हट्ट करणारी, गाड्यांकडे अजिबात न बघणारी. तिला तशी बघताना रेणुकाला कळलं की मध्यंतरी कितीतरी दिवस ती तशी नव्हती, आणि सीसीटीव्हीला ते दिसलं नव्हतं.

आबांनी एकच गोष्ट मागून घेतली. घराच्याच बाजूला, रस्ता न ओलांडता जाता येईल असं एक मैदान आहे, तिथे संध्याकाळी मुलं फुटबॉल खेळतात. मेधाला घेऊन रेणुका गेली की तिथे जाऊन बसायचं, एकट्यानं. "एवढं राहू दे," ते म्हणाले. "सगळीकडं कोणीतरी सोबत असलं तर माणूस सामानासारखा होतो." तिनं हो म्हटलं. हो म्हणणं किती कठीण असतं ते तिला त्या दिवशी कळलं. लेकीला पहिल्यांदा बालवाडीच्या दारात सोडून पाठ फिरवतानाही इतकं जड गेलं नव्हतं. आता ती रोज मेधाला घेऊन तारनाक्याला परतते आणि कुकर लावता लावता आबांना फोन करते. आबा उचलतात, दोन वाक्यं बोलतात, त्या मुलांच्या मांडणीला नावं ठेवतात, तिचा जीव खाली बसतो.

आज फोन वाजतोय आणि ते उचलत नाहीत. अलकाताई भाचीच्या डोहाळजेवणाला कुकटपल्लीला गेल्यात. अमरदीप ड्यूटीवर आहे, मेधाला ताप आहे, ती मांडीत झोपलीय आणि तिचा हात रेणुकाच्या ओढणीत अडकलाय. काही झालं नसेल. फोन पायरीवर डावीकडे ठेवला असेल, आणि वाजतोय कुठं म्हणून ते उजवीकडे शोधत असतील. तसंच असेल. पण तुम्ही त्या बाजूला राहत असाल, अंबरपेठेतून घरी जाताना मैदान वाटेत लागत असेल, तर जरा डोकावाल का? पायऱ्यांवर बसलेले असतात, पांढरा शर्ट, ताठ पाठ. उजवीकडून जा आणि आधी हाक मारा, नाहीतर दचकतात. तुम्ही कोण ते सांगितलं नाही तरी चालेल, खेळाबद्दल काहीही विचारा, मग बोलत राहतील. आणि परत निघाल तेव्हा, एवढं करा, त्यांच्या डावीकडे काय आहे ते एकदा बघून घ्या. पायरी तुटलेली आहे का, कुत्रं बसलंय का, कोणी बाइक लावलीय का. ते त्यांना दिसणार नाही. मला इथून, तारनाक्यातून, दिसत नाही. तुम्ही बघाल ना?